पाच नंबरचं पिंप

भाऊ माणसांची नावं विसरायचे, वास विसरत नसत. मी कारखान्यात रुजू झाले त्या दिवशी नेमणुकीचं पत्र हातात धरून प्रयोगशाळेच्या दारात उभी होते. आत स्टुलावर खाकी शर्टातला, आखूड मानेचा एक माणूस पाठमोरा बसला होता. तो मागे वळलासुद्धा नाही. म्हणाला, "घरी धान भरडून राह्यले काय बाई? कोंड्याचा वास येते."

आमचं घर नागभीडचं. माझी बॅग दोन दिवस कोंड्याच्या पोत्याला टेकून ठेवलेली होती, हे खरं. मी हो म्हणाले.

"चांगला आहे वास. पण ते डोक्याचं चमेलीचं तेल उद्यापासून बंद. इथी काम चालते, वरात नाई."

कागदावर मी केमिस्ट होते आणि भाऊ 'मदतनीस'. पण कोणती दारू बाटलीत जायची आणि कोणती परत टाकीत, हे भाऊ ठरवायचे. मी फक्त सही करायची. हे कामगारांपासून शेठपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. भाऊ गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलातल्या एका गावचे, गोंड, सातवी शिकलेले. कारखान्यात आले ते पोती उतरवायला. एकदा पोतं खांद्यावर घेऊन टाकीजवळून जाताना ते थांबले आणि जुन्या केमिस्टला म्हणाले, "याच्यात काहीतरी मेलं आहे." टाकी उपसली तर तळाशी पाल निघाली. त्या दिवसापासून त्यांच्या खांद्यावरचं पोतं उतरलं. पगार मात्र पोतंवाल्याचाच राहिला.

कारखाना चंद्रपूरहून घुग्घुसला जाणाऱ्या रस्त्याच्या आत होता. कोळशाचे ट्रक रात्रंदिवस जायचे आणि खिडकीच्या कठड्यावर सकाळी पुसलेली धूळ दुपारी परत यायची. अशा गावात भाऊ आपलं नाक एखाद्या तान्ह्या मुलासारखं जपायचे. रस्त्यावर नाकाला ओला दुपट्टा. सकाळपासून दुपारपर्यंत कांदा नाही, तिखट नाही, चहा नाही. फक्त घरून आणलेली तांदळाची पेज. साबण बिनवासाचा. नवीन आलेल्या मॅनेजरने अत्तर लावलेलं होतं म्हणून भाऊंनी त्याला प्रयोगशाळेत पाऊल टाकू दिलं नव्हतं. मॅनेजर चिडून शेठकडे गेला. शेठ म्हणाले, "आंघोळ करून या."

चाखताना ते खिडकीकडे पाठ करून बसायचे. कंपनीने निमुळत्या तोंडाचे महागडे ग्लास आणले होते, ते कपाटात. भाऊ चहाच्या टपरीवरचा काचेचा ग्लास वापरायचे. त्यात बोटभर दारू ओतायची, मग त्यातले चार थेंब फरशीवर सांडायचे. झाडूवाली रोज कुरकुर करायची. मी एकदा विचारलं, हे कशासाठी?

"आधी त्याईले."

"कोणाले?"

"जे अगुदर पीत होते, अन् आता नाईत, त्याईले. त्याईच्या आधी आपण कोण चाखणारे?"

मग वास घ्यायचे, तीनदा, प्रत्येक वेळी थोडं थांबून. घोट तोंडात घोळवायचे आणि डब्यात थुंकायचे. दिवसभर दारूत वावरणारा हा माणूस कामावर एक थेंब गिळत नसे. "चाखणं ही नौकरी. पिणं म्हंजे सण," असं म्हणायचे. गावी देवाच्या जत्रेला जायचे तेव्हा मोहाची प्यायचे आणि परत आल्यावर दोन दिवस काम करायचे नाहीत. नाक अजून गावीच आहे म्हणायचे.

मला त्यांनी शिकवलं ते जवळजवळ रागवूनच. प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक छापील गोल तक्ता होता, दारूला कोणकोणते वास येऊ शकतात त्याचा. मी पहिल्या आठवड्यात एका नमुन्याबद्दल त्या तक्त्यावरून वाचून सांगितलं, की याला व्हॅनिलाचा वास आहे.

"तू व्हॅनिला पाह्यली आहे काय?"

"आईस्क्रीम खाल्लं आहे."

"मंग ते आईस्क्रीमची पावडर झाली. दुसऱ्याच्या घरचे शब्द कशाले आणतं? तुह्या घरी काय आहे ते पाह्य. डोळे मीट."

मी डोळे मिटले. खूप वेळ काहीच सुचेना. मग एकदम आठवलं. "नव्या बांबूच्या टोपलीत गूळ ठेवला की येते ना, तसा."

भाऊ उठले, आणि तो तक्ता भिंतीवरून काढून कपाटामागे सरकवला. त्यानंतर आमच्या वहीतल्या नोंदी वाचून कोणी हसलं असतं. भाजून गार झालेलं कणीस. तेंदूपत्ता वाळवतात त्या फडीवरचं दुपारचं ऊन. दुसऱ्या दिवशी वेचलेलं मोहफूल. गुळाचा पाक, करपायच्या एक क्षण आधीचा. पण त्या नोंदी वाचून मी आजही ती दारू ओळखू शकेन.

माझ्या दुसऱ्या वर्षी शेठने अमेरिकेहून सहा लाकडी पिंपं मागवली. बर्बन, म्हणजे मक्याची दारू. तिकडे ती नव्या लाकडाच्या, आतून जाळलेल्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवतात. शेठचा बेत साधा होता: आपल्या स्वस्त दारूत ती थोडी थोडी मिसळायची आणि बाटलीची किंमत वाढवायची. भाऊंनी सहाही पिंपांतली दारू वेगवेगळी चाखली. एवढा वेळ त्यांना कधीच लागला नव्हता. सकाळी बसले ते जेवायची सुट्टी होऊन गेली तरी उठले नाहीत. मग शेठच्या खोलीत गेले. मी मागे होते.

"याईले एकात एक ओतू नका," ते म्हणाले. "एका मायचे सहा पोरं आहेत. एक शांत, एक आगीचा, एक लबाड. मिसळले तं कोणीच ओळखू येणार नाई."

शेठ हसले. "मग काय करू भाऊ, सहाही जणांची लग्नं लावू?"

ती मिसळायची वेळ आली नाही. जिल्ह्यात दारूबंदी झाली. कारखान्याला कुलूप लागलं, गोदामाच्या दाराला सरकारी सील बसलं, आणि कोर्टकचेऱ्यांत सहा पिंपं आत अडकली ती बंदी उठेपर्यंत. मी नागभीडला परत जाऊन अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेऊ लागले. भाऊंना शेठने राखणदार म्हणून ठेवलं. आवारातच एक खोली होती, तिथे ते आणि वहिनी राहायचे.

त्या वर्षांत मी चंद्रपूरला आले की त्यांच्याकडे जायचे. वहिनी उंच, हाडापेराने मोठ्या, आणि सतत हसत असायच्या. भाऊंच्या अगदी उलट. त्या मला सांगायच्या, "याच्यासंग संसार करणं कठीण आहे बाई. चोरीची सोयच नाई. मी नदीवर गेली तं म्हणते नदीवर गेलतीस. शेजारणीकडे चहा पिली तं म्हणते, तिनं अद्रक टाकलं होतं. मी याले दिसत नसन, वासच येत असन." भाऊ भिंतीकडे पाहत ऐकायचे. एकदा मी पाहिलं, वहिनी मागच्या अंगणातून आल्या, अजून दारातही नव्हत्या, तर भाऊंनी बसल्या जागी पाय आवरून त्यांना वाट करून दिली.

उन्हाळ्यात संध्याकाळी भाऊ गोदामाच्या बंद दाराच्या फटीला नाक लावायचे आणि आतल्या पिंपांची तब्येत सांगायचे. चंद्रपूरच्या उन्हात लाकूड तापायचं, दारू त्यात शिरायची, पावसाळ्यात परत बाहेर यायची. "सहावा गळून राह्यला," त्यांनी एका वर्षी सांगितलं. "वाचत नाई तो."

मग ताप आला. त्या उन्हाळ्यात कुठल्या घरात नव्हता आला? आमच्याकडे बाबा गेले. मी त्या दुःखात होते, म्हणून भाऊंकडची बातमी मला महिन्याने कळली. दोघांनाही ताप आला होता. वहिनींना दवाखान्यात हलवलं आणि त्या तिकडूनच गेल्या. भाऊंना त्यांचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही.

पावसाळ्यात बंदी उठली. शेठने मला बोलावून घेतलं, भाऊ तिथे होतेच. फार वाळले होते. मी वहिनींबद्दल काहीतरी बोलायचा प्रयत्न केला तर म्हणाले, "वही कुठी आहे आपली? उंदरानं खाल्ली असन." वही मिळाली. सील तुटलं, गोदाम उघडलं. सहा नंबरचं पिंप खरंच रिकामं होतं. उरलेल्या पाचांतली दारू निम्म्याच्या आसपास उरली होती, पण ती आता कोळपलेल्या मधासारखी गडद दिसत होती.

काम सुरू झालं आणि पहिले काही दिवस मला काही कळलं नाही. भाऊ तसेच बसायचे, खिडकीकडे पाठ करून. तसेच चार थेंब सांडायचे. पण पूर्वी ते बोलायचे आणि मी लिहायची, आता ते ग्लास नाकाशी धरून म्हणायचे, "आधी तू सांग." मला वाटलं, माझी परीक्षा घेत आहेत. मी सांगायची, ते मान हलवायचे. "बरोबर." मला वाईट वाटायचं नाही, उलट अभिमान वाटायचा.

एका दुपारी मी दोन दिवसांच्या सुट्टीवरून परत आले आणि प्रयोगशाळेचं दार उघडताच कुजका वास आला. कपाटामागे उंदीर मेला होता, दोन दिवस तरी झाले असावेत. नाकाला पदर लावून मी आत गेले. भाऊ टेबलाशी बसून डबा खात होते. भात आणि अंबाडीची भाजी. सावकाश, घास मोजून खाल्ल्यासारखे खात होते.

त्यांनी वर पाहिलं. माझ्या नाकावरचा पदर पाहिला. हात थांबला.

मी पदर खाली घेतला. मीच म्हणाले, "धूळ फार आहे बाहेर."

"हो," भाऊ म्हणाले. "ट्रक वाढले."

ते हात धुवायला गेले तेव्हा मी उंदीर कागदात गुंडाळून बाहेर टाकला, फरशी पुसली. परत आल्यावर ते ओल्या फरशीकडे क्षणभर पाहत उभे राहिले. आम्ही दोघंही त्याबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. मी घरी आले आणि माझ्या लक्षात आलं, की तापानंतर त्यांना कसलाच वास येत नव्हता. ना दारूचा, ना भाताचा. ते रंग पाहून, जिभेवर किती भाजतं ते पाहून आणि माझा चेहरा पाहून काम करत होते.

त्यानंतर मी मुद्दाम बोलू लागले. नमुना ओतता ओतता स्वतःशी पुटपुटल्यासारखं करायचं: "आज गूळ पुढे आला आहे, लाकूड मागे." भाऊ ऐकायचे आणि पाच मिनिटांनी तेच आपल्या शब्दांत सांगायचे. त्यांचे शब्द अजून माझ्यापेक्षा चांगले होते. कागदावर ते मदतनीस होते. नाक गेलं हे शेठला कळलं असतं तर त्यांच्याजवळ काय उरलं असतं? पोतं उचलायचं वयही निघून गेलं होतं. मी स्वतःला सांगायची, की मी कोणाचं नुकसान करत नाही. वास खरे आहेत, फक्त नाक माझं आहे.

हिवाळ्यात ताडोबाच्या गेटजवळ रिसॉर्ट असलेला एक तरुण मालक शेठकडे आला. त्याला आपल्या पाहुण्यांसाठी एकाच पिंपातली बर्बन हवी होती, दुसऱ्या कशात न मिसळलेली. भाऊ इतक्या वर्षांपूर्वी जे म्हणाले होते तेच आता इंग्रजी नाव घेऊन महाग झालं होतं. त्याला भाऊ तर फारच आवडले. जंगलातला माणूस, सहा वर्षं पिंपांची राखण करणारा, वासावरून दारू ओळखणारा. तो म्हणाला, बाटलीवर यांचंच चित्र टाकू. चाखतानाचा व्हिडिओ काढू.

ठरलेल्या दिवसाच्या आधी मी पाचही पिंपं नीट चाखली. तीन नंबर अप्रतिम होतं. पाच नंबर बिघडलेलं; गोदामाचं छत त्याच्यावर गळलं असावं, लाकडाला बुरशी धरली होती. तोंडात घेतलं की ओलं पोतं. मी सगळं सविस्तर भाऊंना सांगितलं, अर्थात स्वतःशी बोलल्यासारखं. ग्लास पिंपांच्या क्रमाने मांडायचे, डावीकडून एक ते पाच, हेही ठरलं.

सकाळी रिसॉर्टवाला दोन कॅमेरेवाल्यांना घेऊन आला. एकाने पिशवीतून पिसं लावलेला फेटा काढला.

भाऊ म्हणाले, "हा आम्ही लग्नात नाचताना घालतो. नौकरीवर नाई."

"पाचच मिनिटं, भाऊ," शेठ म्हणाले.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, आणि फेटा घातला. तो त्यांना मोठा होत होता.

मी पाच ग्लास मांडले, प्रत्येकात बोटभर. कॅमेरेवाला मागे-पुढे झाला, खिडकीचा पडदा सारला, एकदा म्हणाला की मधल्या ग्लासावर उजेड बरोबर पडत नाही. मी तेव्हा शेठला रिकाम्या पिंपाचे कागद दाखवत होते. मान वर केली तेव्हा भाऊ बसले होते आणि कॅमेरा चालू झाला होता.

त्यांनी चार थेंब फरशीवर सोडले. पहिल्या दोन ग्लासांबद्दल थोडक्यात बोलले. मग मधला ग्लास उचलला, तीनदा वास घेतला, घोट घेतला, थुंकला, आणि बोलू लागले. मी त्यांना इतकं सुंदर बोलताना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, याच्यात सहा उन्हाळे आहेत. पहिले मका येते, भाजून थंडा झालेला. मंग लाकूड येते, आगीतून गेलेलं, पण राख झालेली नाई. अन् सगळ्यात मागून मोह येते, आमच्या अंगणात वाळत घातलेला, ज्याच्यावरून आत्ताच कोणी चालून गेलं आहे. हे पिंप कुठी अमेरिकेत जन्मलं, पण मोठं आमच्या इथी झालं.

रिसॉर्टवाला टाळ्या वाजवू लागला. शेठनेही वाजवल्या. "मॅडम, तुम्हीही घ्या," म्हणून रिसॉर्टवाल्याने तोच ग्लास माझ्या हातात दिला.

ओठाला लावायचीही गरज पडली नाही. ओलं पोतं. कॅमेरेवाल्याने उजेडासाठी ग्लास इकडचे तिकडे केले होते.

मी काही बोलले नाही. बोलणारही नव्हते, असं मला आजही वाटतं. पण भाऊ सवयीप्रमाणे माझ्या तोंडाकडे पाहत होते. कित्येक महिने ते तेच वाचत आले होते, आणि मला तोंड आवरता आलं नाही.

त्यांनी मग डोक्यावरचा फेटा काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, हे पिंप घेऊ नका," ते रिसॉर्टवाल्याला म्हणाले. "हा पाच नंबर आहे. खराब आहे."

"पण तुम्ही तर आत्ता..."

"मी आत्ता बोललो ते तीन नंबरचं. ते खरं आहे. पण ते या बाईचं आहे. मले वास येत नाई. तापात गेला. आपण याईले विचारा, याईचं नाक चांगलं आहे. मी शिकवलं आहे."

कॅमेरेवाल्याने विचारलं, "बंद करू का?" भाऊ उठले, आपला ग्लास नळाखाली धुतला, पालथा ठेवला आणि बाहेर गेले. मी मागे जायला हवं होतं. शेठ म्हणाले, "बसा, आपलं काम अर्धं राहिलंय," आणि मी बसले. तीन नंबर कोणतं ते मी शोधून दिलं. रिसॉर्टवाल्याने ते घेतलं.

शेठ वाईट माणूस नव्हते. भाऊंना त्यांनी आणखी दोन महिन्यांचा पगार दिला, राहती खोली रिकामी करायला वेळही दिला. भाऊंनी वेळ घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मी कामावर आले तेव्हा खोलीला कुलूप होतं. त्यांच्या स्टुलावर आता मी बसते. कागदावरचं पद तेच आहे, पगार वाढला आहे.

वर्षभर मी त्यांना भेटायला गेले नाही. फोन लावायची, तो लागायचा नाही. जंगलात रेंज नसते हे कारण मला बरं पडायचं. मी मनाशी सारखी तीच गोष्ट उगाळायची. तोंडावर काहीच दिसू दिलं नसतं तर? खराब पिंप बाटल्यांत गेलं असतं, पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली असती, कोणी मेलं नसतं. मग वाटायचं, की तसं झालं असतं आणि भाऊंना पुढे कधी कळलं असतं, तर? दोन्हीकडून विचार करून मी थकायची.

शेवटी एका रविवारी गेले. गोंडपिपरीवरून बस पुढे जाते, नदीचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे दारूबंदी अजून आहे. त्यांच्या गावाच्या फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालले. भाऊ घरासमोर बसून बांबूच्या कमच्या काढत होते. मी अगदी जवळ गेले, माझी सावली त्यांच्या हातावर पडली, तेव्हा दचकून त्यांनी वर पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आल्याचं त्यांना आधी कळलं नव्हतं.

"बाई! बस. पाणी पेतं?"

आम्ही बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. धान बरं झालं होतं, वाघ गावाजवळ आला होता. त्यांनी विचारलं, "ते बाटली निघाली काय?" मी मोबाइलवर फोटो दाखवला. बाटलीवर त्यांचं चित्र होतं, पिसांच्या फेट्यासकट. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला.

"नाक बरं काढलं," ते म्हणाले.

मला हसायचं होतं ते रडूच आलं. ते थोडा वेळ कमच्या सोलत राहिले, मग म्हणाले, "त्या दिवशीचं मनात ठेवू नको. मीच थकलो होतो. रोज तुह्या तोंडाकडे पाहून पोट भरणं बरं नाई वाटत माणसाले." मग उठून आत गेले आणि एक काचेची बरणी घेऊन आले. आमच्या प्रयोगशाळेतली, रुंद तोंडाची, काचेच्या बुचाची. बुचाभोवती मेण ओतून ती बंद केली होती. आत निळ्या लुगड्याचा घडी केलेला तुकडा होता.

"दवाखान्याची गाडी आली तेव्हा तिनं नेसलेलं बदललं," भाऊ म्हणाले. "तवा मले वास येत होता. पक्का येत होता. मी म्हटलं, ही परत येईपर्यंत ठेवतो. मंग आठवण आली की उघडीन, थोडा घेईन, बंद करीन. पदर फाडला, बरणीत घातला, मेण लावलं." त्यांनी बुचावरच्या मेणावरून बोट फिरवलं. "दोन दिवसांनी माहं नाक गेलं. पाचव्या दिवशी ती."

त्यांनी बरणी माझ्या पुढ्यात सरकवली.

"तू उघड. आत ती आहे काय, तेवढं सांग."

"भाऊ, उघडली तर जाईल. राहणार नाही."

"असून मले काय कामाची? मी रोज पाहतो, अन् मले माहीतच नाई की खाली आहे की भरली. सांग तू. जे आहे ते सांग, माह्यासाठी गोड करू नको."

मी चाकूने मेण काढलं. बूच घट्ट बसलं होतं; पदरात धरून फिरवलं. नाक बरणीवर नेलं आणि डोळे मिटले. भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत असणार हे मला माहीत होतं.

"धूर आहे. चुलीचा, ओल्या लाकडाचा."

"हं."

"टोरीचं तेल. केसांचं." मोहाच्या बियांचं ते तेल वहिनी लावायच्या. "आणि घाम. तापातला घाम, आंबूस."

"ते सोड. ते मले माहीत आहे. दुसरं सांग."

मी पुन्हा वास घेतला. तो पहिल्यापेक्षा हलका झाला होता. काहीतरी कडू, हिरवं वाळलेलं, त्याच्यामागे तांदळाचं पीठ. मला ओळखायला वेळ लागला.

"कडुलिंब," मी म्हणाले. "कणगीत घालतात तो वाळलेला पाला. हाताला लागला असेल, तो पदराला पुसला आहे."

मी डोळे उघडले. ते अंगणाच्या पलीकडे पाहत होते.

"त्या दिवशी सकाळी तिनं तांदळात पाला घातला होता," ते म्हणाले. "अंगात ताप होता. मी म्हटलं, काऊन करून राह्यली, पडून राहा. तं म्हणे, पोरकिडे लागतीन, मंग वर्षभर काय खाशीन? मी हे विसरूनच गेलतो."

मी आणखी काही वेळ बरणी नाकाशी धरली. ते मधूनमधून विचारत होते, "आहे?" मी म्हणायची, "आहे." मग, "थोडा आहे." मग बराच वेळ मी शोधत राहिले आणि शेवटी खरं ते सांगितलं.

"नाही भाऊ. आता फक्त कापड आहे."

त्यांनी मान हलवली. तुकडा बरणीतून काढला, झटकला, उलगडला आणि दुपट्ट्यासारखा खांद्यावर टाकला. मग मागे रांजणापाशी जाऊन बरणी आणि बूच राखेने घासून धुतले, उन्हात पालथे घातले. आम्ही जेवलो. निघताना त्यांनी कोरडी झालेली बरणी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"कंपनीची आहे," ते म्हणाले. "कपाटात ठेवून दे."

फाट्यापर्यंत ते पोचवायला आले. बस उशिरा आली. ती सुटल्यावर मी मागच्या काचेतून पाहिलं, तर ते रस्त्याच्या कडेला उभे होते आणि उन्हासाठी खांद्यावरचं ते निळं फडकं डोक्यावर ओढून घेत होते.